देवीने दिलेला हात

बदामीतल्या आमच्या खानावळीत माझी आई, अव्वा, तापलेला तवा फडक्याशिवाय चुलीवरून उतरवायची. “बनशंकरी देवीने दिलेला हात,” गिऱ्हाईकं म्हणायची, आणि मीही तोच तोरा मिरवत वाढले. कुष्ठरोग शोधमोहिमेच्या प्रशिक्षणात मी कोपरामागचा, या रोगात जाड होणारा मज्जातंतू चाचपायला शिकले आणि घरी येताच सरावासाठी आईचाच हात धरला. मज्जातंतू सुतळीसारखा जाड लागला. मी पेन काढलं. “अव्वा, डोळे मीट. पेन टेकेल तिथे बोट दाखव.” “भाकऱ्या खोळंबल्यात, बाई. तुझ्या परीक्षेला मीच सापडले?” पुटपुटत तिने डोळे मिटले. दंडावर पेन टेकवलं. तिने लगेच बोट ठेवलं. मग बोटांच्या टोकांवर टेकवलं. तळहातावर टेकवलं, पुन्हा टेकवलं, जरा दाबूनच. बाहेर गिऱ्हाईकांनी ताटं वाजवली. पाय हलवत, डोळे घट्ट मिटून अव्वा खेकसली, “अगं, टेकव की आता एकदाचं! नुसती बघत काय बसलीस?”