लंगडीची पावलं

मुंगसाला पकडायचं म्हणून ह्यांनी माझी लंगडी कोंबडी सापळ्यात बांधली. उजव्या पायाचं एक बोट तुटलेली.

"नाहीतरी अंडी कुठे देते ती?" म्हणाले.

सकाळी नुसती पिसं उरली होती.

मग ठसे दिसावेत म्हणून मी खुराड्याभोवती राख पसरली. रोज एक कोंबडी कमी व्हायची, पण राखेत मुंगसाचा ठसा कधीच नसायचा. असायची ती कोंबडीची पावलं, एक बोट नसलेली, खुराड्यात शिरणारी.

"डोळे तपासून घे," हे म्हणाले.

आज खुराडं रिकामं आहे. राखेची पावलं उंबरा ओलांडून ह्यांच्या पलंगापर्यंत गेलीत. परतीचं एकही नाही. हे गाढ झोपलेत.

मी उठवलं नाही. खुराड्याला घालायचे, तशी बाहेरून कडी घातली.