चार पन्नासची गाडी

लेकीने घड्याळात पाहिलं, मग रुळांकडे, मग पुन्हा घड्याळात. "वेळेवर आहे म्हणे," ती म्हणाली.

"असणारच," आई म्हणाली. "उशिरा येणाऱ्या गाडीसाठी नव्हत्या गोळा केल्या मी सह्या."

फलाटावर एकच बाक होता आणि त्याला पाठ नव्हती, त्यामुळे दोघी परीक्षेला बसल्यासारख्या ताठ बसल्या होत्या. मधे डब्याची पिशवी.

संध्याकाळची ही गाडी आईनेच आणली, असं सगळं गाव मानायचं. तिचं शिवणकामाचं दुकान. माप द्यायला येईल त्याच्यापुढे तिने अर्ज धरला होता. सही नाही तर काज-बटण नाही. असं तीन वर्षं चाललं. शेवटी सरकार तोटा सोसायला तयार झालं आणि वर्षभराच्या बोलीवर गाडी सुरू झाली. तेव्हापासून ती गाडीमावशी. आधी सकाळी यायला गाडी होती, पण परतायला थेट दुसऱ्या दिवशी पहाटे. लेक वर्षातून तीनदा यायची आणि आली की रात्रभर अडकायची. आता ती दर पंधरा दिवसांनी शनिवारी यायची, आणि चार पन्नासला जायची. न्हाणीघरातल्या पेल्यात तिचा ब्रश होता, तो वर्षभर कोरडाच होता.

दिवसाउजेडी लेकीचं सगळं छान चाललेलं असे. नवरा छान, मुलं छान, ऑफिसही छान. खरं काय ते ती दिवा मालवल्यावर, भिंतीकडे तोंड करून सांगायची. लहानपणापासूनची खोड. आज दुपारी आई एक शिवण उसवत बसली होती, तेव्हा मात्र ती भर उजेडात म्हणाली होती, "आई, मी ना, एक विचार करतेय..." आणि पुढे, "बाप रे, चार वाजले की."

"दुपारी काहीतरी सांगत होतीस," आई आता म्हणाली.

"हो ना. अगं, ते..." लेकीने पिशवीचे बंद एकसारखे केले. "असं फलाटावर नाही गं सांगता येत. पुढच्या वेळी."

"मग राहा आजची रात्र."

"काहीतरीच काय. गाडी असताना?"

जिने गाडी आणली तिनेच 'जाऊ दे गाडी' म्हणायचं ते कुठल्या तोंडाने?

तेवढ्यात रेल्वे खात्याचा कारकून हातात पॅड घेऊन बाकापाशी आला. वर्ष संपत आलं होतं, आणि गाडी ठेवायची की बंद करायची ते त्याच्याजवळच्या कागदांवरून ठरणार होतं. कुठून आलात, कुठे निघालात, महिन्यातून किती वेळा, असं विचारत तो शेवटाला आला. "ही गाडी नसती तर आज काय केलं असतं? बस, स्वतःचं वाहन, की प्रवास रद्द?"

"राहिले असते," लेक म्हणाली.

त्याने कागद वरपासून खालपर्यंत पाहिला. "राहिले असते, असं नाहीये यात."

"मग बस लिहा."

त्याने बस लिहिलं.

गाडी आली. लेक चटकन उठली, आईच्या खांद्यावर हात ठेवला न ठेवला, आणि चढली. नव्या गाडीच्या खिडक्या उघडत नसत. काचेआडून ती काहीतरी म्हणाली. आईने कळल्यासारखी मान हलवली. दोन मिनिटं झाली आणि गाडी निघाली.

फलाटावर कारकून आणि आई उरले. "मावशी, एक कागद शिल्लक आहे," तो म्हणाला. "तुम्हीही जाता-येता ना या गाडीने? तेवढा भरून द्या. तुम्ही नाही भरायचा तर कुणी?"

आईने पॅड मांडीवर घेतलं. वरची माहिती तिने भराभर लिहिली. मग आलं: गाडी चालू ठेवावी का? पुढे दोन चौकोन. पेन्सिलीचं टोक 'नाही'च्या चौकोनावर टेकलं आणि तिथेच थांबलं.

"तो नव्हे, मावशी, वरचा," कारकून हसून म्हणाला. "चष्मा बदला आता."

"बदलायला झालाच आहे," आई म्हणाली आणि तिने 'हो'वर खूण केली.

खाली सूचनांसाठी दोन ओळी होत्या. आईने पहिल्या ओळीवर लिहिलं, 'शनिवारी ही गाडी चालवू नये.' लिहिलेलं एकदा वाचलं. मग पेन्सिल उलटी धरून, गिऱ्हाईक यायच्या आत कापडावरच्या खडूच्या खुणा झटकाव्यात तशी, ती ओळ तिने शेवटच्या टिंबापर्यंत खोडली. वरची भुकटी फुंकली आणि खालच्या ओळीवर दुसरंच लिहून पॅड परत दिलं.

कारकुनाने वाचलं. "'बाकाला पाठ हवी.'" त्याने बाकाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "मावशी, गाडी वेळेवर येते, दोन मिनिटांत जाते. पाठ टेकायला सवड कुणाला?"

रुळांवर आता काही नव्हतं. आई अजून ताठ बसली होती, मघाशी जिथे पिशवी होती तिथे हात ठेवून.

"गाडी गेल्यावर लागते," ती म्हणाली.