उरलेलं औषध

भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई वर्षभर एकाच प्रश्नामागे हात धुऊन लागल्या होत्या: भूल दिल्यावर घशात श्वासाची नळी बसवताना पेशंट खोकू नये, म्हणून अफूच्या जातीच्या दोन जालीम वेदनाशामक औषधांपैकी सरस कुठलं? आजच्या पेशंटने तर हूं की चूं केलं नाही.

"पठ्ठ्याला साधा ठसकासुद्धा लागला नाही!" सिस्टर खूश झाल्या.

सिरिंजमध्ये उरलेलं औषध बाईंनी नियमाप्रमाणे सिस्टरच्या देखत बेसिनमध्ये सोडलं, वरून नळ सोडला आणि जिना चढून त्या वॉर्डात गेल्या. तिथे त्यांचे वडील उशीचा कोपरा दातांत धरून पडले होते. कॅन्सर हाडांत उतरला होता.

"पोरी, दे की गं काहीतरी जालीम. या गोळ्यांनी काही होत नाही."

"आपल्या हॉस्पिटलात जालीम औषध वॉर्डात द्यायची परवानगी नाही, बाबा. ते फक्त ऑपरेशन थिएटरात."

"आज दिलंस कुणाला?"

"दिलं."

बाबा जरा वेळ कण्हायचे थांबले. "फार दुखत होतं का गं बिचाऱ्याला?"

बाईंनी त्यांची चादर उगाचच सारखी केली.

"नाही, बाबा. तो झोपला होता."