दगड्याचा माळ

माळावरच्या म्हाताऱ्याच्या मुलीचं लग्न झालं त्या वर्षी नवा नकाशा करायला सरकारी मोजणीदार गावात आला. गिरणीवाल्याने त्याला स्वतः बांधलेला पूल दाखवला आणि नकाशात आपलं नाव घालायची गळ घातली.

"जिवंत माणसाचं नाव आम्ही घालत नाही. नियम आहे."

"मग राहू द्या. मला घाई नाही."

हा विनोद संध्याकाळपर्यंत गावभर झाला.

दुसऱ्या दिवशी मोजणीदार दुर्बिणीची तिपाई घेऊन माळावर चढला. म्हातारा बांधावर दगड बसवत होता.

"जुन्या नकाशात इथं 'ओसाड टेकडी' लिहिलंय, आजोबा."

"ओसाड?" म्हाताऱ्याने कुदळ खाली टाकली. बांधामागून बांध उतरत पीक थेट ओढ्यापर्यंत उभं होतं. "डोळे उघडून लिहा, साहेब."

"गावातले लोक याला दगड्याचा माळ म्हणतात. हा दगड्या कोण?"

म्हाताऱ्याने हातांची माती झटकली. "आमचा दादा. दगड फोडत बसायचा म्हणून लोक चिडवायचे. त्याच दगडांचे हे बांध. पाठीवर माती वाहून आणली त्याने. सासऱ्याने वेडा म्हटलं, तरी हटला नाही."

"आता कुठे असतात?"

"गेल्या थंडीत गेला."

मोजणीदाराने टोपी काढली.

दुपारी म्हातारीने त्याला जेवायला वाढलं. "काकू, तुमचे मोठे दीर कसे होते हो?"

म्हातारीने एकदा नवऱ्याकडे पाहिलं. "हट्टी. जेवायला दहा हाका माराव्या लागायच्या. वर मीठ कमी म्हणून कुरकुर."

म्हाताऱ्याला जोरात ठसका लागला.

गिरणीवाल्यालाही मोजणीदाराने विचारलं. तो मान खाली घालून म्हणाला, "माणूस मोठा होता. आता असे होत नाहीत."

नकाशा छापून आला तेव्हा सगळं गाव गिरणीपुढे जमलं. मास्तरांनी बोट ठेवून मोठ्याने वाचलं, "दगड्याचा माळ." 'ओसाड' कुठेच नव्हतं. माळाच्या अंगावरून चढ दाखवणाऱ्या तपकिरी रेषा वळत गेल्या होत्या. म्हाताऱ्याने त्या अक्षरांवरून हात फिरवला.

"पुन्हा वाचा," तो म्हणाला.

मास्तरांनी पुन्हा वाचलं. म्हातारी पदराने डोळे पुसत होती. चिडवणाऱ्यांपैकी कोणी हसलं नाही.

दगड्या वारला तो पुढे बऱ्याच वर्षांनी, त्याच्या नातवाला शाळेत घातलं त्या उन्हाळ्यात. त्याला भाऊ कधीच नव्हता.