व्हँकुव्हर ते नागपूर

“बाबा सिरियस आहेत, मिळेल ते विमान पकड,” ताई फोनवर म्हणाली, आणि व्हँकुव्हरमधल्या आपल्या स्वयंपाकघरात श्रीरंगने शेगडी बंद केली. आई गेली तेव्हाही ताई हेच म्हणाली होती. एकट्याने एवढ्या लांब यायचं, माणूस वाटेत खचू नये म्हणून असंच सांगतात. तेव्हा तो वाटभर देवाला विनवत आला होता, आणि आईला बर्फावर ठेवलेलं पाहून कोसळला होता.

या वेळी त्याने आधीच रडून घेतलं. मग तिकिटं पाहिली. एक विमान रात्रीच निघून सव्वीस तासांत नागपूरला पोचवणारं होतं. दुसरं उद्याचं, मधे मोठा थांबा, अडतीस तासांचं. बर्फावरच्या माणसाला कसली घाई? ऑफिसात रजेचं नीट सांगून निघता येईल म्हणून त्याने दुसरं घेतलं.

नागपूरला भाऊजींनी गाडी घराऐवजी हॉस्पिटलकडे वळवली, तेव्हा “घरी नाही?” एवढंच त्याने विचारलं.

“तासापूर्वी गेले,” बाकावर बसलेली ताई म्हणाली. “कालपर्यंत शुद्धीवर होते. विमान कुठवर आलं, सारखं विचारायचे. लवकरचं तिकीट मिळालं नसेल त्याला, अशी समजूत घालत राहिले मी.”

श्रीरंग घामाने निथळत होता. टॉवेल काढायला ताईने त्याची बॅग उघडली. सगळ्यात वर, आईच्या दिवसांत घातलेला पांढरा सदरा इस्त्री करून ठेवलेला होता.

तिने तो सदरा बाहेर काढला.

“हा तिथूनच घेऊन निघालास?” तिने विचारलं.