शाईचा ठिपका

कुंपणापलीकडून शेजारच्या हिल्डाबाईंनी गोगलगायीचा शंख पुढे केला. केळुसकरांनी भिंग लावलं. जर्मनीत मुलाकडे आल्यापासून त्यांना शंख जमवायचा नाद लागला होता, आणि हिल्डाबाई रोज एक आणून देत. भाषेची दोन्हीकडे बोंब, बोलणं खाणाखुणांनीच.

तोंडाची कड तपकिरी, म्हणजे नेहमीचीच जात. आत मात्र शाईचा ठिपका. जात ओळखली की केळुसकर स्वतः असा ठिपका देत आणि जास्तीचे शंख कुंपणाबाहेर टाकत. हा त्यांनी कालच टाकला होता.

त्यांनी वर पाहिलं. हिल्डाबाई घाईघाईने गुलाबांकडे बघू लागल्या.

"नवीन आहे का, बाबा?" सुनेने खिडकीतून विचारलं.

"बघावं लागेल," म्हणत त्यांनी पुन्हा भिंग लावलं.

संध्याकाळी तो शंख त्यांनी कुंपणाबाहेर ठेवला, सहज दिसेल असा.