घरातलं बोलणं

भाचीने लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि पडदा अक्काकडे वळवला. पडद्यावर जुना फोटो उघडला. पायऱ्यांवर दाटीवाटीने बसलेलं सगळं घर. ज्या चेहऱ्याला बोट लावावं, तो मोठा होऊन पुढे येई. संग्रहालयांसाठी असली पानं तयार करणं हे भाचीचं कामच होतं. हे पान मात्र तिने धाकट्या मावशीच्या हट्टापायी केलं होतं.

अक्काला फोटोतली माणसं ओळखू येत. समोर बसलेली येत नसत. आता तर शेजारी बसलेली धाकटी बहीणही येईनाशी झाली होती.

“हा कोण?” धाकटीने विचारलं.

“काका. दिसतो गरीब, पण साखरेचा डबा याच्याच खोलीत सापडायचा.”

“आणि ही?”

“आमची आई. फोटो काढणाऱ्यावर डाफरतेय बघा, आटप म्हणून.”

“आणि ही?”

दोन वेण्यांची, गुडघ्याला पट्टी बांधलेली मुलगी. अक्काचा चेहरा फुलला. “हे आमचं शेंडेफळ. धाकटी. माझ्या कुशीत शिरल्याशिवाय डोळा लागत नाही हिचा.”

धाकटीने भाचीकडे पाहिलं. “लाव बोट, अक्का. ती आता कशी दिसते, ते दाखवते तुला.”

अक्काने बोट लावलं. पानाने कॅमेरा वापरायची परवानगी मागितली. भाचीने ती वाचून दाखवली.

“परवानगी कसली? आपल्याच घरात?” अक्का म्हणाली.

वेण्यांच्या मुलीच्या जागी, त्याच चौकटीत, दोन म्हाताऱ्या दिसू लागल्या, खांद्याला खांदा लावून बसलेल्या. कॅमेरा जुना होता. चित्र जरासं मागाहून हलत होतं. धाकटीने हात वर केला.

“ही बघ. ही मी.”

अक्काचं तिकडे लक्षच नव्हतं. तिने पुढे वाकून चष्मा सारखा केला. पडद्यावरच्या बाईने तिचं पाहून मग आपला केला.

“आई!” अक्का म्हणाली. “किती थकलीस गं!”

ती पडद्याच्या आणखी जवळ सरकली.

“धाकटी अजून शाळेतून आली नाही, आई. केव्हाची दाराकडे बघतेय मी.”

“अक्का, मी आलेय.” धाकटीने तिचा हात धरला. “अगं ही काय, तुझ्या शेजारीच बसलेय.”

अक्काने हात सोडवून घेतला. हळूच, परक्या माणसाला वाईट वाटू नये अशा बेताने.

“तुम्ही जरा बाहेर बसता का, बाई? आमचं घरातलं बोलणं चाललंय.”

भाचीने कॅमेरा बंद करायला बोट पुढे केलं. धाकटीने ते अडवलं. मग तिने आपली खुर्ची बाजूला सरकवली. चौकटीतून तिचा खांदा गेला, कान गेला, शेवटी पांढऱ्या केसांची कडही गेली.

“गेल्या हं त्या,” अक्का पडद्याशी कुजबुजली. “आता सांग आई, धाकटी येईल ना गं?”

विचारता विचारता तिने स्वतःच मान हलवली, हो म्हणून.

क्षणभराने पडद्यावरच्या आईनेही हलवली.